भोळी जनी, रांगडा लेखक आणि दोन मार्कांचा अलंकार

'जगात जर्मनी, भारतात परभणी.' अलंकार ओळखा. दोन मार्क.

उत्तर सगळ्यांना येतं. यमक लिहा, अनुप्रास लिहा, पुढच्या प्रश्नाकडे चला. पण परभणीच्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर चिकटतं. पुण्यात रूम शोधताना, मुंबईत इंटरव्ह्यू देताना, लग्नाच्या बैठकीत, कुठंही गाव सांगितलं की समोरचा हसून हेच म्हणतो. जर्मनीच का, याची पाच-सहा स्पष्टीकरणं फिरत असतात आणि सांगणारा प्रत्येक जण छातीठोक सांगतो. त्यातलं एकही खरं असायची गरज नाही. कारण हे वाक्य माहितीवर उभंच नाही. ते 'नी' आणि 'णी'वर उभं आहे. जगात-भारतात, जर्मनी-परभणी. दोन्ही अर्ध्या भागांची घडण एक, वजन एक, शेवट एक. कानाला तोल बरोबर वाटतो आणि डोकं कानाच्या मागे मुकाट जातं. सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध झाल्यासारखी वाटायला लावणं, हे यमकाचं काम आहे. शिवाय हेच वाक्य परभणीकर म्हणाला तर अभिमान आणि लातूरकर म्हणाला तर टोमणा. शब्द तेच. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या दुसऱ्या प्रसिद्ध वाक्याचंही तसंच. तिथं परभणी म्हणजे शेवटचा आसरा की शेवटची फजिती, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरतं.

यातलं काही दोन मार्कांत बसत नाही. म्हणून ते शिकवलं जात नाही.

माझं भांडण दोन ठिकाणी आहे. एक, परीक्षेच्या त्या मराठीशी, जी अलंकाराला बिल्ला समजते. दुसरं, आणि मोठं, मराठी साहित्यातल्या त्या सवयीशी, जी परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडच्या लिहिणाऱ्याला 'मातीचा वास' देते आणि कारागिरी मात्र त्याच्या नावावर लावत नाही. वरवर दोन्ही वेगळी दिसतात. माझ्या मते मूळ एकच आहे. कविता-कथेतल्या क्लृप्त्या काय काम करतात हे बघायचं आपण सोडून दिलं आहे.

आधी लहान भांडण. दहावी-बारावीला आणि नंतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत शिकवली जाणारी युक्ती अशी: सारखा, समान, प्रमाणे, परी हे शब्द दिसले की उपमा. जणू, गमे, भासे, वाटे दिसले की उत्प्रेक्षा. हे पाठ करून हजारो पोरांनी मार्क मिळवलेत आणि मिळवावेतही. नोकरी लागणं ही कवितेपेक्षा कमी महत्त्वाची गोष्ट नाही. पण या युक्तीनं जे शिकवलं जातं ते वाचन नाही, ते शब्दाचं सर्चिंग आहे. मोबाइल ते आपल्यापेक्षा बरं करतो.

तीन साधी वाक्यं घेऊ, माझीच. 'बाप सोयाबीन विकून मयतीवरून आल्यासारखा आला.' 'बाप सोयाबीन विकून आला, जणू मयतीवरून आला.' 'सोयाबीन विकणं म्हणजे बापासाठी मयतच.' उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. परीक्षेच्या दृष्टीनं विषय संपला. वाचणाऱ्याच्या दृष्टीनं आता सुरू झाला. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याला ठाऊक आहे की बाजार वेगळा आणि मयत वेगळी. तो दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो. दुसऱ्यात क्षणभर त्याचाच गोंधळ झालाय, बापाकडे बघून त्याला खरंच तसं वाटून गेलं. तिसऱ्यात शंका संपली. म्हणजे उपमा, उत्प्रेक्षा, रूपक हे वेगवेगळ्या डब्यांतले दागिने नसून बोलणाऱ्याच्या खात्रीच्या पायऱ्या आहेत. आता सांगा, कथेत हे वाक्य दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी द्यायचं असेल तर कोणतं द्याल? दुसरं. पोराला खात्री नसते, त्याला भास होतो. बायकोच्या तोंडी? मी तिसरं देईन. तिनं असे हंगाम खूप बघितलेत. आणि पहिलं त्या पाहुण्याला, जो बघतोय पण घरातला नाही. तुम्ही वेगळं वाटप कराल, हरकत नाही. वाद या जागी व्हायला हवा.

असंच 'शब्दशक्ती' नावाच्या धड्याचं. अभिधा, लक्षणा, व्यंजना. पाठ करा, ओका. संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेचं एक पिढ्यान्‌पिढ्यांचं उदाहरण आहे: 'गंगेवर गवळीवाडा आहे.' आता पाण्यावर कोण राहतं? तेव्हा 'गंगेवर' म्हणजे गंगेच्या काठावर, ही लक्षणा. मग सरळ 'काठावर' का नाही म्हटलं? कारण 'गंगेवर' म्हटलं की गारवा येतो, पावित्र्य येतं. ते न सांगता पोचतं, ही व्यंजना. हजार वर्षं हे उदाहरण शिकवलं जातंय. आणि आपल्या जिल्ह्यात गोदावरीच्या काठावर एका तालुक्याच्या गावाचं नावच गंगाखेड आहे. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवरचं खेडं. काव्यशास्त्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण परभणी-परळी लाइनवर स्टेशनच्या पाटीवर लिहिलेलं आहे, आणि गंगाखेडच्या पोराला लक्षणा पाठ करावी लागते. याला मी शिक्षण म्हणत नाही. त्याला एवढंच विचारायला हवं होतं, 'तुझ्या गावाचं नाव गोदाखेड का नाही रे?' नदीला दुसऱ्या नदीचं नाव देऊन माणसं काय मिळवतात, हे त्यानं स्वतःच सांगितलं असतं. तीर्थ लांब आहे, जाणं परवडत नाही, म्हणून तीर्थाचं नाव घरी आणायचं. हे गरजेचं रूपक आहे. सजावट करायला कुणी गावाचं नाव ठेवत नाही.

आता मोठं भांडण.

परभणीकडच्या कुणाचंही पुस्तक आलं की परीक्षणात कोणते शब्द येणार हे न वाचता सांगता येतं. अस्सल. रांगडं. मातीतलं. जगण्याच्या भट्टीतून आलेलं. दाहक वास्तव. काळजाला भिडणारं. एका कार्यक्रमात, गाव आणि नाव सोडा, एका तरुण कवीची ओळख करून देताना पाहुणे म्हणाले की याच्या कवितेत कलाकुसर नाही, थेट शेतातून आलेली कविता आहे. टाळ्या पडल्या. कवीही हसला. त्याच्या ज्या कवितेबद्दल हे चाललं होतं तिच्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकदाही 'मी' नव्हता. सगळी कविता आज्ञार्थात होती, कुणीतरी कुणाला कामं सांगत होतं आणि शेवटी कळत होतं की ऐकणारा आता हयात नाही. ही कलाकुसर नाही तर काय आहे? शेतातून थेट तूर येते, कविता येत नाही. आणि तूरसुद्धा थेट खाता येत नाही, भरडावी लागते.

'मातीचा वास' ही स्तुती नाही. ती वाटणी आहे. त्यात अनुभव तुमचा, कला आमची. तुम्ही भोगा आणि बोला. घडवणं, रचणं, प्रयोग करणं हे काम दुसरीकडे चालतं. शहरातल्या कवीनं व्याकरण मोडलं तर प्रयोग, आपल्याकडच्यानं मोडलं तर बोली. त्यानं मधेच गोष्ट थांबवली तर मौन, आपल्याकडच्यानं थांबवली तर साधेपणा. हे नुसतं दुखावणारं नाही, नुकसान करणारं आहे. लिहायला लागलेल्या पोरानं हे चार कार्यक्रमांत ऐकलं की त्याला वाटतं, आपलं काम दुःख पुरवण्याचं आहे. मग कथा येतात त्या सगळ्या एकाच आंब्याच्या झाडापाशी आणि एकाच दोरीपाशी संपतात. मरण खोटं असतं असं नाही. शेवट आयता असतो. त्या पोरानं दोरी निवडलेली नसते, आपण त्याच्या हातात दिलेली असते.

या वाटणीचा इतिहास जुना आहे आणि त्याचा पहिला बळी आपल्याच गावची आहे. जनाबाई. परंपरा सांगते की गंगाखेडची. लहानपणी पंढरपूरला आली, नामदेवाच्या घरी दासी म्हणून राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यातले सगळे तिचेच का, हा अभ्यासकांचा वाद आहे. मौखिक परंपरेत तो असणारच. पण या अभंगांबद्दल बोलताना शतकानुशतकं एक विशेषण पुढे चालत आलंय: भोळी. भोळी भक्ती, भाबडी जनी, साधी दासी.

जरा बघू किती भोळी. इतर संतांच्या देवाची क्रियापदं काढा. तो तारतो, राखतो, क्षमा करतो, दर्शन देतो, विश्व चालवतो. जनीच्या विठ्ठलाची क्रियापदं काढा. तो दळतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, केस विंचरून देतो. कर्ता देव आणि क्रियापदं दासीची. एवढीच अदलाबदल आहे, पण ती केल्यावर काय काय घडतं बघा. दासी वर चढवली असती तर ती कल्पना झाली असती, स्वप्नरंजन. तिनं देव खाली आणला, आणि तोही हाताखाली. शिवाय एक गोष्ट न बोलता सांगितली: त्या भरल्या घरात दळायला तिच्यासोबत बसणारं माणूस नव्हतं. देवाला यावं लागलं. माणसाबद्दलची तक्रार देवाच्या कौतुकात गुंडाळून भर देवळात म्हणता येते आणि ऐकणारे माना डोलावतात. हे माझं वाचन आहे, पटत नसेल तर सोडा. पण याला भोळेपणा म्हणणाऱ्यानं एकदा तसा अभंग रचून दाखवावा. गाइडमध्ये याचं उत्तर 'चेतनगुणोक्ती' असं दिलेलंही चालेल, कारण तपासणाऱ्यालाही तेच शिकवलेलं असतं. पण चेतनगुणोक्ती निर्जीवाला माणूस करते. इथं देवाला मोलकरीण केलंय. याला आपल्या यादीत नाव नाही, आणि नाव नसलं की ते आपल्याला दिसत नाही.

तिची घडण शब्दांपुरतीच नाही. मोठ्या अभंगाचा चरण सहा अक्षरांचा, असे तीन, आणि चौथा चारच अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. तीनदा सहा ऐकलेला कान चौथ्यांदाही सहाची वाट बघतो आणि त्याला चारच मिळतात. दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. टाळ तिथं पडतो, श्वास तिथं घेतला जातो, आणि चरणाचा शेवटचा शब्द तिथं एकटा उभा राहतो. कोणता शब्द त्या जागी ठेवायचा हा निर्णय आहे. मात्रांची गणितं न शिकलेली बाईही तो निर्णय घेते, कारण कान शिकलेला असतो. ढोल बनवणाऱ्याला ध्वनिशास्त्राची परीक्षा पास व्हावी लागत नाही, पण म्हणून ढोल आपोआप वाजत नाही.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून त्या गोळा केल्या. आज १ लाखाहून जास्त ओव्यांचा तो साठा इंटरनेटवर वाचायला आणि ऐकायला मिळतो, परभणी जिल्ह्यातल्या ओव्याही त्यात आहेत. ऐकताना लक्ष ठेवा की बाई कुणाशी बोलतेय. जात्याशी. शेजारणीशी. लांबच्या भावाशी. देवाशी. क्वचितच त्या माणसाशी, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय. सासू पलीकडच्या खोलीत निजलेली असते आणि तिला सगळं ऐकू जातं. ओवी जात्याला सांगितलेली असल्यामुळे तिला भांडता येत नाही. संबोधन बदलणं ही इथली सगळ्यात महत्त्वाची क्लृप्ती आहे, आणि ती सौंदर्यासाठी नसून संरक्षणासाठी आहे. इंद्रजित भालेरावांची कविता पोरं मोबाइलवर ऐकतात, पाठ म्हणतात. ती गाता का येते, तर तिच्या पायाखाली हे जातं आहे. तरी तिच्याबद्दल बोलताना आपण गाव, माती, आई, बैल एवढंच बोलतो. बैल बऱ्याच कवितांत आहेत. त्या गात का नाहीत?

आता मला सगळ्यात आवडणारी जागा. एक शब्द आहे, 'म्हणे'.

अभंगाच्या शेवटी 'जनी म्हणे' येतं. नाममुद्रा. तिथं 'म्हणे'चा अर्थ म्हणते: हे मी बोलतेय, माझं नाव लावून बोलतेय. जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, ती दासी प्रत्येक रचनेच्या शेवटी सही करते. आणि सही करताना बऱ्याचदा 'नामदेवाची दासी' हे बिरूदही ठेवते. म्हणजे ज्या शब्दानं लोकांनी तिला खालचं ठरवलं, तोच शब्द तिच्या मालकीचा शिक्का होतो.

आता सहाएकशे वर्षं पुढे या. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ. १९१३ साली सातोन्याला जन्म, १९५३ साली मृत्यू, जेमतेम ४० वर्षांचं आयुष्य. निजामाच्या राज्यात, जिथं कारभार उर्दूत चालायचा आणि उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं, तिथं सरकारी खात्यात नोकरी करत या माणसानं मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या एका कादंबरीचं नाव आहे 'म्हणे लढाई संपली'. यातला 'म्हणे' काढून बघा. 'लढाई संपली.' ही बातमी झाली. 'म्हणे लढाई संपली' ही बातमी ऐकणाऱ्याचं तोंड झालं. कुणीतरी सांगितलंय, मी बघितलेलं नाही, आणि माझ्या घरात तर काही संपल्यासारखं दिसत नाही. एका अडीच अक्षरी शब्दानं लेखक महायुद्धापासून परभणीच्या गल्लीपर्यंतचं अंतर मोजून दाखवतो. इंग्रजी कादंबरीकाराला यासाठी एक निवेदक उभा करावा लागला असता.

एकच शब्द. जनीकडे तो जबाबदारी घेतो, बी. रघुनाथांकडे जबाबदारी झटकतो. दोन्ही ठिकाणी बरोबर तेच करायचं होतं. हे एका जिल्ह्यात घडलंय आणि आपण दर सप्टेंबरात बी. रघुनाथांच्या स्मरणात 'उपेक्षित लेखक' हा शब्द पुन्हा पुन्हा उगाळतो. उपेक्षा झाली हे खरंच. पण उपेक्षा झाली म्हणून किती वर्षं बोलायचं? त्यांच्या एका कथेत निवेदक कुठं उभा आहे, यावर अर्धा तास बोला की. उपेक्षा तिथं संपते.

१९९५ साली परभणीत ६८वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते नारायण सुर्वे. त्यांनाही जन्मभर 'कामगार कवी' ही पाटी होती. गिरणीनं कवी होत असते तर गिरणगावात लाखभर कवी झाले असते. सुर्व्यांनी बोलणं कवितेत आणलं, दोन माणसांची बोलाचाली अशी बसवली की पात्रं न सांगता कळतात. ही नाटककाराची कला आहे. पाटीमुळे ती दिसत नाही.

कथेकडे येऊ. आसाराम लोमटे परभणीचे, व्यवसायानं पत्रकार, २०१६ साली 'आलोक' या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथांबद्दलही 'ग्रामीण वास्तव' हे दोन शब्द ठरलेले. माझा प्रश्न सोपा आहे. जो माणूस रोज बातमी लिहितो, ज्याच्याकडे वास्तव छापायला अख्खा पेपर आहे, तो कथा कशाला लिहील? बातमीत जे बसत नाही त्यासाठी. बातमीला कोण, कुठं, कधी, किती हे पहिल्या दोन वाक्यांत सांगावं लागतं. कथा तेच लांबवते, लपवते, उलट्या क्रमानं देते, ज्याला आकडा नाही अशा गोष्टीवर दोन पानं थांबते. दीर्घकथा लिहिणं म्हणजे तर वेळेशी केलेला उघड सौदा आहे. वास्तव दोन्हीकडे तेच. फरक असतो तो क्लृप्त्यांचाच. मग परीक्षणात त्यांच्याबद्दल एक ओळ का नसते?

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' तुमच्यातल्या अनेकांच्या घरात मोठ्या भावंडांनी शाळेत वाचली असेल. टोमॅटोचा भाव पडतो आणि बाप भर बाजारात तो माल पायानं तुडवतो. गोष्ट पोराच्या नजरेतून येते. तीच गोष्ट बापाच्या तोंडून सांगितली असती तर रागाची झाली असती. पोराच्या नजरेतून ती भीतीची होते, कारण त्यानं बापाला असं कधी बघितलेलं नाही. आणि शीर्षक बघा. चिखल शेतकऱ्याच्या ओळखीचा, पेरणीचा, आशेचा. त्याला फक्त रंग बदलून दिला. दोन शब्दांत शेत, बाजार आणि रक्त. यावर आपण पोरांना काय विचारतो? बापाचं स्वभावचित्र रेखाटा. गरीब, कष्टाळू, स्वाभिमानी. पाच मार्क.

आता यावर एक आवाज नक्की येणार: कविता अनुभवायची असते, चिरफाड करायची नसते, फुलाच्या पाकळ्या तोडल्या की फूल उरत नाही. इन्स्टाग्रामवर हे फार चालतं, मागे बासरी लावून. गंमत म्हणजे कवितेला फूल म्हणणं हीच एक क्लृप्ती आहे, आणि चलाख आहे. कविता नाजूक ठरवली की तिला प्रश्न विचारणारा आपोआप रानटी ठरतो. मी दुसरी उपमा देतो, आमच्याकडची. कापसाचं बोंड. बाहेरून हिरवंगार, टणक, भरलेलं. गुलाबी बोंडअळी आत असते आणि बाहेरून कळत नाही. शेतकरी चार झाडांची चार बोंडं तोडतो, फोडतो, बघतो. त्याला कापूस आवडत नाही म्हणून नव्हे. २०१७ साली ज्यांनी वेळेत फोडून बघितली नाहीत त्यांना पुढे काय बघावं लागलं, हे या भागात सांगायला नको. कवितेतही अळी असते. पोकळ भावना, उसनी प्रतिमा, टाळीसाठी ठेवलेला शेवट. फोडल्याशिवाय कळत नाही. चांगली कविता फोडल्यानं मरत नाही. जनीचा अभंग इतकी शतकं गायला, फोडला, पुन्हा जोडला गेलाय, त्याला काही झालं नाही.

आणि कवितेपुरतंच असतं तर मी एवढा आवाज केला नसता. कापसाला आपल्याकडे काय म्हणतात? पांढरं सोनं. रूपक अलंकार, बरोबर. आता ते फोडून बघू. सोनं म्हणजे काय? कुजत नाही, कपाटात ठेवता येतं, नड आली की विकता येतं, आणि विकायची वेळ ठेवणारा ठरवतो. यातलं काय कापसाला लागू होतं? घरात पडलेला कापूस वजनात घटतो, अंग खाजवतो, पोरांच्या फीची तारीख आली की मिळेल त्या भावाला मानवत नाहीतर सेलूच्या बाजारात न्यावा लागतो. म्हणजे या रूपकात सोन्याचा फक्त रुबाब घेतलाय आणि सोन्याची ताकद गाळलीय. रूपक जे दाखवतं त्यापेक्षा जे झाकतं ते जास्त बघावं लागतं. 'बळीराजा'चंही तेच. ज्याला स्वतःच्या मालाचा भाव ठरवता येत नाही, त्याला राजा म्हणायचं. गाइडच्या भाषेत हा गौरव आहे. मला तो व्याजस्तुतीचा भाऊ वाटतो.

'कर्जमाफी' हा शब्द घ्या. माफी गुन्ह्याला असते. हा शब्द उच्चारला की कर्जदार आपोआप गुन्हेगार होतो आणि सरकार दयाळू. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे ओळखलं होतं, म्हणून त्यांचा आग्रह 'कर्जमुक्ती' या शब्दाचा होता. मुक्ती बंधनातून होते. बंधन म्हटलं की बांधणारा कोण हा प्रश्न येतो. ज्या माणसानं 'इंडिया' आणि 'भारत' ही एकाच देशाची दोन नावं समोरासमोर उभी करून अख्खं आंदोलन चालवलं, त्याला रूपकाचं काम ठाऊक होतं. पुढे २०१९ साली सरकारी योजनेच्या नावातच 'कर्जमुक्ती' आलं. शब्द जिंकला. शब्दासोबत तो प्रश्नही आत आला का, की दारातच थांबला, हे ज्याला रूपक वाचता येतं तोच विचारू शकतो. २०२४च्या 'लाडकी बहीण'लाही हाच प्रश्न विचारता येतो: नागरिकाला हक्क असतो, बहिणीला ओवाळणी असते, नावातलं नातं पैशाचा अर्थ बदलतं. महिन्याच्या १५०० रुपयांची कुणाला किती गरज आहे हा मुद्दा नाही, गरज खरीच आहे. मुद्दा हा की त्या नावाला कुणीतरी कवी बसलेला आहे, आणि त्याला अलंकार आपल्यापेक्षा चांगला कळतो.

म्हणून अभ्यासिकेत बसलेल्या पोरापोरींना मी 'अलंकार सोडा, कविता वाचा' असं म्हणणार नाही. ते खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचं बोलणं आहे. अलंकार पाठ कराच. फक्त नाव लिहून झालं की पेन खाली ठेवायच्या आधी एक करा: ती क्लृप्ती काढून वाक्य पुन्हा लिहा आणि काय गेलं ते बघा. काहीच गेलं नाही तर ती सजावट होती, लेखकाला दोष द्या. अर्थ गेला, बोलणारा बदलला, ऐकणाऱ्याला पळवाट मिळाली, तर ते हत्यार होतं. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांना एवढंच: पुढच्या वेळी परभणीच्या लेखकावर लिहाल तेव्हा 'माती', 'अस्सल' आणि 'रांगडं' हे तीन शब्द न वापरता पहिला परिच्छेद पूर्ण करून बघा. घाम येईल.

पेपर काढणाऱ्यांसाठी एक नमुना प्रश्न, फुकट:

'पांढरं सोनं' या शब्दांतलं रूपक कापूस पिकवणारा जास्त वेळा वापरतो, की विकत घेणारा, की भाषण करणारा? तुमच्या गावच्या बाजारात कान देऊन ऐकलेल्या तीन वाक्यांच्या आधारे लिहा. मार्क ४. अलंकाराचं नाव लिहिल्यास अर्धा मार्क वेगळा.